बाई, आधी पडवीत फळा लावा

वाचकाचं पत्र (जागेसाठी थोडं कापलंय):

"ताई नमस्कार. मी मालवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. चित्रकला अशी शिकलेली नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड. मुंबईला जेजे आर्ट स्कूलला जायचं मनात होतं पण घरी विचारायचीसुद्धा हिंमत झाली नाही, मग डीएड केलं. चित्र मात्र सुटलं नाही. शाळेचा दर्शनी फळा कायम माझ्याकडेच, जयंती पुण्यतिथी सण सगळं रंगीत खडूने काढायचे. गॅदरिंगचे पडदे, दारची रांगोळी, आणि चतुर्थीला गणपतीमागची भिंत, आमच्या घरची आणि वाडीतल्या अजून दोन-तीन घरांची. साठी झाली तेव्हा पुण्याच्या लेकीने इझल, मोठे कॅनव्हास आणि ॲक्रिलिकचा महागडा सेट पाठवला. तेव्हापासून कॅनव्हास कोरेच आहेत. समोर बसते आणि काही सुचतच नाही. यूट्यूबवर बघून दोन-चार केली, बरी झाली, पण माझी वाटत नाहीत. यजमान म्हणतात, 'आता ह्यो पसारो कित्याक?' प्रेरणा आणायची कुठून? की नोकरीबरोबर तीही संपली? आणि मी आयुष्यभर काढलेलं सगळं पुसलं गेलंय, दाखवायला एक चित्र हातात नाही, मग मी स्वतःला चित्रकार म्हणू शकते का? अजून एक, फेसबुकवरून मेसेज आलाय, ऑनलाइन प्रदर्शनात भाग घ्या, साडेतीन हजार भरा, सर्टिफिकेट आणि ट्रॉफी मिळेल. भरू का?"

नमस्कार बाई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे आणि हे छापून येईपर्यंत तुम्ही जीपे करून मोकळ्या झाला असाल तर पंचाईत. भरू नका. फी घेणारं प्रत्येक प्रदर्शन फसवं असतं असं मी म्हणत नाही, बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या 1888 पासून चाललेल्या संस्था आहेत, सरकारचं राज्य कला प्रदर्शन आहे, पण अशा ठिकाणी निवड समिती बसते, भरपूर चित्रं नाकारली जातात, आणि म्हणून निवड झाली की तिला किंमत असते. ज्यांनी तुमचं एकही चित्र न बघता तुम्हाला ट्रॉफी कबूल केली त्यांना तुमच्या चित्राशी काही देणंघेणं नाही हो. साडेतीन हजारात कागद आणि रंग किती येतील ते पुढे सांगतेच.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई स्वतःवर उगाच रागावलीये. तुम्ही म्हणता प्रेरणा संपली. मला नाही वाटत. तुम्ही ज्या परिस्थितीत इतकी वर्षं चित्रं काढलीत ती परिस्थितीच एका दिवसात, म्हणजे निरोप समारंभाच्या दिवशी, सगळीच्या सगळी काढून घेतली गेली, आणि तिच्या जागी लेकीने प्रेमाने जे पाठवलं ते प्रत्येक बाबतीत नेमकं उलटं निघालं. एकेक बघूया म्हणजे लक्षात येईल.

फळ्यावर तुम्हाला काय काढायचं हे कधी सुचावं लागलं का? 3 जानेवारी आली की सावित्रीबाई, 14 एप्रिलला बाबासाहेब, 23 जुलैला टिळक, आणि टिळकांचा फळा पुसून आठवडा होतोय न होतोय तोच 1 ऑगस्टला पुण्यतिथी म्हणून परत टिळक, तीच पगडी, त्याच मिशा, शिवाय त्याच दिवशी अण्णाभाऊंची जयंती, म्हणजे एका फळ्यात दोन चेहरे बसवा. विषय कॅलेंडर द्यायचं. वेळ शाळेची घंटा द्यायची, परिपाठाच्या आधी झालं पाहिजे म्हणजे झालंच पाहिजे. आणि बघणारी पोरं तर दारातच उभी. त्यातलं एखादं म्हणणारच, बाई ह्यांचा डोळा बारीक झाला. एवढं सगळं जागच्या जागी असताना प्रेरणा नावाचं वेगळं काही लागतच नाही. आणि आता? विषय कुठलाही घ्या, वेळ कितीही घ्या, बघणारं कोणी नाही. लोकांना वाटतं की हे स्वातंत्र्य, पण खरं सांगू का, बऱ्याच जणांचा हात ह्या स्वातंत्र्यानेच थिजतो. मी रत्नागिरीत हौशी मोठ्या माणसांचे चित्रकलेचे क्लास घेते, बँकेतून पोस्टातून रिटायर झालेली मंडळी येतात, आणि 'काहीही काढा' म्हटलं की खोलीत शांतता पसरते. 'ह्या खिडकीतून दिसणारा तो गंजलेला पत्रा काढा, अर्ध्या तासात' म्हटलं की लगेच पेन्सिली चालायला लागतात.

आपल्याकडची जुनी कामं तरी कशी व्हायची बघा ना. तुमच्यापासून फार लांब नाही, सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, राजा आणि प्रधान आणि मग एक्का ते दश्शी. म्हणजे मत्स्य काढला की परत मत्स्य, परत मत्स्य, तळहाताएवढ्या गोल पानावर. तिथे आज काय काढू हा प्रश्नच नाही, आज मासा जरा वळवून काढू का एवढाच. किंवा कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी घ्या, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती कला. ते चित्र भिंतीवर टांगायला काढलेलंच नसतं, समोर माणसं बसलीयेत, कथा सांगतोय, गातोय, आणि कथेत तो प्रसंग आला की पोथीतलं ते पान पुढे धरायचं. ऐकणारा नसेल तर ते चित्र अर्धवटच. तुमचा फळा ह्या जातीचा होता, बाई. तुम्ही त्याला साधं 'रंगीत खडूने काढायचे' म्हणून टाकलंत पत्रात.

पण मला ज्याच्यावर जास्त बोलायचंय ते वेगळंच आहे, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल असं वाटतं. काळ्यावर काढणं आणि पांढऱ्यावर काढणं ह्या दोन उलट्या गोष्टी आहेत. फळ्यावर अंधार आधीच असतो, तुम्ही फक्त उजेड काढता. टिळकांचा चेहरा काढताना तुम्ही कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर खडू आडवा धरून घासला असेल, आणि डोळ्याच्या खोबणीत, मिशीखाली, मानेखाली हातच लावला नसेल, तिथे फळा तसाच काळा सोडला असेल. चेहरा आपोआप वर येतो. आता पांढरा कॅनव्हास समोर आला की मेंदूला नेमकं उलटं करायचंय, उजेड आधीच सगळीकडे सांडलेला आहे आणि अंधार तुम्ही आणायचाय. इतकी वर्षं उजेड काढणाऱ्या हाताला एकदम अंधार काढायला सांगितला तर तो थांबणारच ना! तुम्हाला ते 'सुचत नाही' असं वाटतं. सुचत असतं हो, हाताला वाट सापडत नाही.

हे किती अवघड आहे ते बघायचं असेल तर सावंतवाडीचेच चित्रकार सा. ल. हळदणकर घ्या, जन्म 1882. त्यांचं ते चित्र तुम्ही नक्की बघितलंय, कॅलेंडरवर, वाण्याच्या दुकानात, कुठे ना कुठे, हातात समई धरलेली बाई, ज्योतीसमोर दुसऱ्या हाताचा आडोसा, चेहऱ्यावर तो उजेड. 'ग्लो ऑफ होप'. बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात, ते नाही, हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. आणि ते जलरंगात आहे! म्हणजे ज्योतीचा आणि बोटांमधून झिरपणारा जो उजेड दिसतो तिथे मुळातला कागद राखत राखत आजूबाजूला अंधार चढवत नेलाय, एकदा हात चुकला की गेलं. आणि मॉडेल कोण, तर त्यांची स्वतःची मुलगी. विषय घरातच उभा होता. एवढा कसबी माणूस ते करू शकला. तुम्हाला आणि मला त्या वाटेने जायची काही गरज नाही.

तर करायचं काय. सुताराकडून एक प्लायचा तुकडा आणा, शक्यतो तीन बाय चार फुटाचा तरी, छोटा नको, कारण तुमचा हात खांद्यापासून फिरणारा आहे, मनगटावर काढायला लावलं की परत तो आक्रसतो. त्याला फळ्याचा काळा रंग मारा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पडवीत लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आणि पहिले काही दिवस फक्त खडू. ओल्या फडक्याने फळा पुसून ओल्यावरच काढलंत तर रंग सुकल्यावर कसा घट्ट बसतो आणि साखरेच्या पाण्यात बुडवलेला खडू कसा उठून दिसतो हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे जरा जास्तच झालं. आणि रोज पुसा. हो, पुसाच. तुम्हाला पुसलं गेल्याचं दुःख आहे ते मला कळतंय, त्यावर येते, पण पुसलं जाणार आहे हे माहीत होतं म्हणूनच तुमचा हात मोकळा होता. रांगोळीचंही तेच. लेकीचा कॅनव्हास महाग आहे, तो राहणार आहे, तो जावईबापू बघणार आहेत, ह्या विचारानेच रेघ थरथरते.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे खाकी कागद. पुस्तकांना कव्हरं घालायचा तोच, रोल आणा, शंभर-दोनशे रुपयात भरपूर येतो. त्याचा रंग मधला असतो, ना काळा ना पांढरा, त्यामुळे पांढऱ्या खडूने उजेड आणि कोळशाने सावली, दोन्ही दोन मिनिटात दिसायला लागतं. हा कागद काही वर्षांत पिवळा पडून तुटायला लागतो, तेव्हा तो सरावालाच. मग काळा किंवा गडद राखाडी पेस्टल पेपर आणि सॉफ्ट पेस्टल. दुकानात नीट सॉफ्ट पेस्टल म्हणून मागा, नुसतं पेस्टल म्हटलं की ते पोरांचे तेलकट ऑइल पेस्टल हातात देतात, ते वेगळे. सॉफ्ट पेस्टल म्हणजे तुमचा खडूच, फक्त त्यात रंग भरपूर. मालवणात नाही मिळाले तर कुडाळला बघा नाहीतर ऑनलाइन मागवा. ट्रॉफीच्या पैशात हे सगळं येऊन वर काही उरतील.

विषयाचं म्हणाल तर कॅलेंडर परत भिंतीवर लावा. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा अंगणवाडीत जाऊन सांगा की दर सोमवारी तुमचा फळा मी करून देते. नाही म्हणणार नाहीत, उलट चहा पाजतील. एवढं केलंत की सोमवारी सकाळी कोणीतरी वाट बघणार आहे, आणि माझ्या मते तुम्हाला रंगांपेक्षा ह्याची गरज जास्त आहे. ह्याला कमी समजू नका. आणि एक दुसरा धागा स्वतःपुरता ठेवा, एकच जागा, परत परत. तळाशीलला किंवा आचऱ्याला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे जाऊन बसा. रापणीत माणसांच्या पाठी बघण्यासारख्या असतात, दोरीला रेलून सगळे एका कोनात मागे झुकलेले, चेहरे दिसतच नाहीत, आणि संध्याकाळचं ऊन पलीकडून, समुद्राकडून येत असेल तर सगळी माणसं काळी आणि कडा तेवढ्या उजळ, म्हणजे काळ्या कागदासाठी तयार चित्र. किंवा तुमच्याच तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, श्रावणात जांभ्यावर पाणी साचलं की त्या कोरलेल्या रेघा अजून गडद दिसतात, पण पाय जपून टाका, शेवाळ असतं, आणि शिल्पांवर पाय देऊ नका (हे तुम्हाला नाही, तुमच्याबरोबर सेल्फी काढायला येणाऱ्यांना).

यूट्यूबबद्दल. कॉपी करण्यात काही पाप नाही, हात कॉपी करूनच तयार होतो. पण ते व्हिडिओ बघून माझं डोकं जरा उठतं हे कबूल करते, गुलाबी आकाश, बर्फाचा डोंगर, पाइनची झाडं आणि तळ्यात त्यांचं प्रतिबिंब, रत्नागिरीत बसून किती जणांनी तेच एक तळं रंगवलंय देव जाणे. तुमची ती चित्रं तुम्हाला तुमची वाटत नाहीत ह्याचं कारण सरळ आहे, ते झाड तुम्ही कधी पाहिलेलंच नाही. त्यातली युक्ती तेवढी घ्या. आकाश ओलं असताना दोन रंग कसे मिसळले ते बघा, व्हिडिओ बंद करा, आणि तीच युक्ती तुमच्या सुरूच्या बनावर वापरा. पावसाळ्यातला आपला समुद्र निळा नसतो, तांबूस-राखाडी गढूळ असतो, नदीच्या मुखाशी तर चहासारखा. निळ्या ट्यूबला हात न लावता तो समुद्र काढून बघा एकदा.

उशीर झाला का असं तुम्ही थेट विचारलेलं नाही पण पत्रभर ते डोकावतंय. रवींद्रनाथांनी चित्रकला रीतसर शिकलेली नव्हती, कवितेच्या वहीत खाडाखोड व्हायची ती एकमेकांना जोडून जोडून त्यातून पक्षी, तोंडं, चमत्कारिक प्राणी काढायला लागले, आणि पहिलं प्रदर्शन झालं पॅरिसला, 1930 मध्ये, तेव्हा ते सत्तरीला आले होते. म्हातारपणी सुरू करता येतं हे आहेच, पण मला त्यातली ती खाडाखोड जास्त आवडते. कोऱ्या कागदापासून त्यांनीही सुरुवात केली नाही! आधी काहीतरी बिघडलेलं होतं, त्याचं चित्र झालं. आणि तुम्ही तर नव्याने सुरूही करत नाही आहात, फक्त जागा बदलताय.

चित्रकार म्हणू का? म्हणा. नाही म्हटलं तरी सोमवारचा फळा करायचाच आहे. बी ग्रेड विसरा, त्या परीक्षेत स्मरणचित्राला वेळ पुरत नाही हे आख्ख्या महाराष्ट्राला माहितीये.

आता पुसल्या गेलेल्या चित्रांचं. सगळं गेलं असं तुम्ही धरून चाललाय, पण शाळेचे 15 ऑगस्टचे, गॅदरिंगचे, निरोप समारंभाचे फोटो कोणाकोणाकडे असणार, आणि त्यात मागे फळा असणारच. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा टाका, 'ज्यांच्याकडे मागे फळा दिसतोय असा फोटो आहे त्यांनी पाठवा'. गणपतीची भिंत तर हमखास सापडेल, कारण चतुर्थीला गणपतीसमोर उभं राहून फोटो न काढलेलं एक घर मला कोकणात दाखवा. जमतील तेवढे गोळा करा, वर्षाप्रमाणे लावा. मी असते तर त्यात एक गोष्ट बघितली असती, गणपतीमागच्या भिंतीवर तुम्ही परत परत काय काढलंय. समुद्र? माड? होडी? मोर? जे परत परत आलंय ते तुम्हाला कोणी काढायला सांगितलेलं नसणार. मालिका करायचीच असेल तर तिथून करा. आणि इथून पुढे पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायची सवय लावा, समोरून, फ्लॅश बंद करून.

कागदावरची चित्रं मात्र आपल्या हवेत सांभाळावी लागतात. जून ते सप्टेंबर बुरशी कशी येते तुम्हाला माहितीये. पेस्टलची चित्रं गुंडाळून ठेवू नका, एकावर एक सपाट ठेवा, मध्ये बटर पेपर, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, आणि नवीन चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून देऊ नका, चित्रांच्या ट्रंकेत टाका. लॅमिनेशन तर अजिबात नाही, आत दमटपणा अडकतो.

यजमानांचं म्हणाल तर 'पसारो कित्याक' म्हणणाऱ्या माणसाला मी आधी कामाला लावते. प्लाय आणायला त्यांना पाठवा, लेव्हल बघून तो पडवीत ठोकायलाही त्यांनाच सांगा. स्वतः ठोकलेल्या फळ्याला माणूस पसारा म्हणत नाही, आणि म्हणालेच तर चतुर्थीची भिंत ह्या वर्षी तुम्हीच रंगवा म्हणावं.

राहिले लेकीने पाठवलेले कॅनव्हास. परत करू नका, तिला वाईट वाटेल, आणि चांगलं सामान आहे. त्याच सेटमधला काळा आणि तपकिरी, बर्न्ट अंबर लिहिलं असेल ट्यूबवर, दोन्ही मिसळा आणि आख्खा कॅनव्हास मोठ्या ब्रशने गडद करून टाका, एक हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा. बरेच जुने तैलचित्रवालेही कोऱ्या पांढऱ्यावर थेट सुरुवात करायचं टाळायचे, आधी कसला तरी रंग द्यायचे. मग त्यावर पांढरा, पिवळा, जो उजेड हवा तो काढत चला, फळ्यासारखाच. फक्त मध्येच लेकीला फोटो पाठवू नका, नुसता काळा कॅनव्हास बघून ती रात्रीच्या गाडीने मालवणला यायची.